तीन खुणांपलीकडचा कर्करोग

१९५८ साली व्हिएन्नात जैवरसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. शिकागो विद्यापीठाचे एल्वुड जेन्सन आपला निबंध वाचायला उभे राहिले तेव्हा समोर पाच जण बसले होते आणि त्यातले तिघे पुढच्या पाळीचे वक्ते होते. त्याच वेळी दुसऱ्या सभागृहात इस्ट्रोजेनवरचंच चर्चासत्र रंगलं होतं आणि तिथे हजारावर श्रोते होते. इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, तिथल्या एन्झाइमांच्या देवाणघेवाणीत भाग घेतं, त्यात त्याचं रूप बदलतं आणि त्यातून शरीरावर परिणाम होतो, असं तेव्हाचे बहुतेक जाणकार मानत. जेन्सन यांच्या हाती निराळाच पुरावा होता. त्यांनी आणि हर्बर्ट जेकबसन यांनी या संप्रेरकाला ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन जोडला, उंदरांच्या माद्यांना ते अगदी अल्प प्रमाणात टोचलं आणि कोणत्या अवयवात ते किती वेळ राहतं याचं मोजमाप केलं. रक्तातून, स्नायूंतून ते आलं तसं ओसरलं. गर्भाशयात मात्र तासन् तास टिकून राहिलं, आणि तेही जसंच्या तसं. तिथल्या पेशींत त्याला धरून ठेवणारं काही तरी आहे, एवढाच याचा अर्थ निघत होता. पुढे त्याला इस्ट्रोजेन रिसेप्टर म्हणू लागले. स्तनाच्या कर्करोगाचा आजचा प्रत्येक रिपोर्ट ज्या तीन तपासण्यांवर उभा असतो, त्यातली पहिली या पाच श्रोत्यांच्या खोलीतून आली.

त्याच १९५८ मध्ये एकोणीस वर्षांची एक मुलगी दिल्लीहून कॅलिफोर्नियात, बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाली. तिचं नाव श्यामला गोपालन. जन्म मद्रासचा, शिक्षण दिल्लीच्या लेडी आयर्विन कॉलेजात गृहविज्ञानाचं, पण घराणं कावेरीच्या खोऱ्यातलं. तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या रेल्वेवर पापनाशम् लागतं. १०८ शिवलिंगांच्या देवळाचं हे गाव. लगतच्या तिरुप्पालैत्तुरैच्या देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळातलं भाताचं विटांचं कोठार अजून उभं आहे. तिथून भाताची खाचरं ओलांडत दक्षिणेला गेलं की मन्नारगुडी, आणि त्याच्या जवळ तुळसेंद्रपुरम् हे गोपालन कुटुंबाचं मूळ गाव. हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसले होते आणि तंजावर-कुंभकोणमकडे घरात मराठी बोलणारी कुटुंबं आजही आहेत.

श्यामलाचे वडील पी. व्ही. गोपालन सरकारी नोकरीत होते. मुलीला अमेरिकेत पाठवायचं तर निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशाला हात लावावा लागणार होता. तो त्यांनी लावला. १९६४ मध्ये श्यामलाने पोषण आणि अंतःस्रावशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढची पंचेचाळीस वर्षं तिचं आयुष्य स्तनाच्या पेशी आणि संप्रेरकं यांच्याच अभ्यासात गेलं. जगाला ती ओळखीची झाली ती कमला हॅरिस यांची आई म्हणून, पण कर्करोगाच्या इतिहासात तिची जागा स्वतःच्या कामाची आहे.

स्तनाच्या गाठीचा संप्रेरकांशी संबंध असतो, हे डॉक्टरांना त्याआधीच कळलेलं होतं. १८९५ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी रोग पसरलेल्या स्त्रीची बीजकोषं काढली आणि तिच्या गाठी विरल्या. पुढे अनेकांनी तसं करून पाहिलं. काही स्त्रियांना गुण येई, बाकीच्यांना मोठी शस्त्रक्रिया सोसूनही काही फायदा होत नसे. कुणाला येईल आणि कुणाला नाही हे आधी सांगता येत नव्हतं. जेन्सन यांच्या शोधाने ते सांगण्याची सोय झाली: गाठीत रिसेप्टर असेल तर उपाय लागू पडण्याची शक्यता, नसेल तर बाईला उगाच कापू नये. गोळीही सापडली. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये गर्भनिरोधकाच्या शोधात एक रसायन बनवलं होतं. गर्भनिरोधक म्हणून ते निकामी ठरलं. मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल यांनी ते ४६ रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९७१ मध्ये निष्कर्ष छापला. तेच टॅमॉक्सिफेन. १९७७ च्या शेवटी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली.

पण एक कोडं उरलं. गाठीत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असूनही कित्येक स्त्रियांना औषध लागू पडत नव्हतं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे विल्यम मॅग्वायर आणि कॅथरिन हॉर्विट्झ यांनी १९७५ मध्ये त्यावर एक साधा तर्क मांडला. पेशीत प्रोजेस्टेरोनचा रिसेप्टर तयार होण्यासाठी इस्ट्रोजेनचं काम नीट चालू असावं लागतं. मग गाठीत हा दुसरा रिसेप्टर सापडला, तर पहिला नुसता हजर नाही, कामही करतो आहे, असं धरता येईल. ही झाली दुसरी तपासणी.

श्यामलाचं काम या दुसऱ्या रिसेप्टरवरचं. शोधनिबंधांवर ती जी. श्यामला असं दाक्षिणात्य पद्धतीने नाव लावी. बर्कले, इलिनॉय, विस्कॉन्सिन असं फिरून १९७६ मध्ये दोन मुलींना घेऊन ती माँट्रियलला गेली, तिथे मॅगिल विद्यापीठाशी जोडलेल्या ज्यूइश जनरल हॉस्पिटलात सोळा वर्षं राहिली आणि शेवटचं दशक पुन्हा बर्कलेला, लॉरेन्स राष्ट्रीय प्रयोगशाळेत. उंदराच्या प्रोजेस्टेरोन रिसेप्टरचं जनुक तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वेगळं काढलं आणि त्याचा क्रम वाचला. हा रिसेप्टर ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन रूपांत असतो. १९९८ मध्ये तिच्या गटाने दाखवलं, की या दोन रूपांचं आपसातलं प्रमाण बिघडवलं तर उंदराची दूधग्रंथी वाढतानाच वेडीवाकडी होते. निरोगी स्तन कसा वाढतो हे कळल्याशिवाय त्याची वाढ कुठे चुकते हे कळणार नाही, या धारणेने केलेलं हे काम होतं. त्यातून कुठलं औषध लगेच निघालं नाही. अशा कामाची बातमी होत नाही आणि तरी त्यावाचून पुढचं पाऊल पडत नाही. आतड्याच्या कर्करोगाने २००९ च्या फेब्रुवारीत ती गेली. फुलांऐवजी स्तनकर्करोगाच्या रुग्णांसाठी लढणाऱ्या संघटनेला देणग्या द्या, असं तिच्या मृत्यूच्या निवेदनात लिहिलं होतं. तिच्या अस्थी मुलीने चेन्नईला आणून समुद्रात सोडल्या.

तिसऱ्या तपासणीची कथा मुंबईहून निघते. १९८० च्या सुमाराला एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी नावाचे मुंबईहून आलेले संशोधक काम करत होते. उंदरांच्या मज्जापेशींच्या गाठीतून डीएनए काढायचा, तो साध्या पेशींत घालायचा आणि त्या पेशी कर्करोगी होतात का हे पाहायचं, असा प्रयोग. पेशी कर्करोगी झाल्या. त्या उंदरांना टोचल्यावर उंदरांच्या रक्तात एका विशिष्ट प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर, बाहेरून हात लागेल अशा ठिकाणी होतं. १९८२ मध्ये निबंध छापून आला आणि पुढे या जनुकाचं नाव ‘न्यू’ पडलं. कर्करोग घडवणारं जनुक हाती होतं, त्याचं प्रथिन पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर होतं आणि त्याला चिकटणारी अँटिबॉडीही प्रयोगशाळेतच होती. यातून औषध होऊ शकतं हे मात्र तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. तिथून थोड्याच अंतरावर बॉस्टनच्या रुग्णालयांत याच प्रथिनाने माजलेल्या गाठी घेऊन बायका मरत होत्या. मूलभूत विज्ञान आणि वॉर्ड यांच्यात इतकी आडभिंत का असावी, हा प्रश्न हे वाचताना फार टोचतो.

ती भिंत दुसऱ्यांनी ओलांडली. माणसातलं हेच जनुक १९८५ मध्ये अनेक ठिकाणी एकदमच सापडलं. जेनेनटेक कंपनीत अॅक्सेल उलरिख यांच्या गटाने त्याला हर-टू म्हटलं. लॉस एंजलिसचे डेनिस स्लेमन यांच्या फ्रीझरमध्ये रुग्णांच्या गाठी साठवलेल्या होत्या. दोघांनी मिळून १८९ स्त्रियांच्या गाठी तपासल्या. सुमारे तीस टक्क्यांत हर-टूच्या प्रती वाढलेल्या निघाल्या आणि जिथे त्या वाढल्या होत्या तिथे रोग लवकर उलटत होता. हा निष्कर्ष १९८७ चा. ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजे हर्सेप्टिन, बाजारात यायला सप्टेंबर १९९८ उजाडला. हर-टूची गाठ तोवर सगळ्यांत वाईट मानली जाई. २००५ पर्यंत सिद्ध झालं, की सुरुवातीच्या अवस्थेत हे औषध दिलं तर रोग उलटण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं.

आता बायोप्सीनंतर पॅथॉलॉजीच्या खोलीत काय होतं ते जवळून पाहू. सुईने काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचा केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ काप काचपट्टीवर घेतात. मग एकेका पट्टीवर एकेक अँटिबॉडी टाकतात. जिथे ती चिकटते तिथे तपकिरी रंग धरतो. बाकी सगळं फिकट निळं राहतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरोनचे रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात असतात, त्यामुळे तिथे तपकिरी ठिपके दिसतात. हर-टू भिंतीवर असतं, म्हणून प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कडं उमटतं. काही गाठींत तिन्ही पट्ट्या निळ्याच राहतात. चाचणीच बिघडली का, हे पाहायला पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या कडेची निरोगी दूधनलिका शोधतो. तिची केंद्रकं तपकिरी झाली असतील तर चाचणी बरोबर आहे आणि गाठीत खरंच काही नाही. मग रिपोर्टवर तीन शब्द येतात: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह.

या स्त्रियांसाठी टॅमॉक्सिफेन नव्हतं, हर्सेप्टिनही नव्हतं. चाळीस वर्षांत दोन मोठे विजय मिळाले आणि दोन्ही वेळा त्या बाजूलाच राहिल्या. त्यांच्या रोगाला २००५ च्या सुमारापर्यंत स्वतःचं नावही नव्हतं. २००० साली स्टॅनफर्डच्या चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी हजारो जनुकांच्या हालचालीवरून स्तनाच्या गाठींची वर्गवारी केली, तेव्हा एक कुळी अगदी वेगळी पडली. नलिकेच्या बाहेरच्या थरातल्या पेशींशी साम्य म्हणून त्यांनी तिला बेसल म्हटलं. तिन्ही तपासण्या कोऱ्या येणाऱ्या बहुतेक गाठी याच कुळीतल्या. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हे नाव त्यानंतर रूढ झालं.

या रोगाची चाल वेगळी आहे. तो तरुणपणी गाठतो. गाठ भराभर वाढते, पेशी अतिशय बेबंद दिसतात, आणि एका तपासणीत काही नसलेल्या बाईला पुढच्या तपासणीआधीच मोठी गाठ हाताला लागू शकते. उलटला तर तो बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो आणि हाडांपेक्षा फुप्फुसं आणि मेंदूकडे त्याचा ओढा जास्त. पाच वर्षं सुखरूप गेली तर मात्र धोका झपाट्याने उतरतो. इस्ट्रोजेनवर वाढणारी गाठ दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकते, ही तसं सहसा करत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे पुरेशी बोलली जात नाही. युरोप-अमेरिकेत स्तनाच्या दर शंभर कर्करोगांत दहा ते पंधरा या प्रकारचे असतात. भारतातल्या अभ्यासांचा गोषवारा काढला तर आकडा तीसच्या आसपास जातो. आपल्याकडे लोकसंख्याच तरुण असल्याचा त्यात वाटा आहे, पण सगळा हिशेब तेवढ्याने लागत नाही. अमेरिकेतही पाळी चालू असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत बेसल कुळीचं प्रमाण ३९ टक्के निघालं होतं, इतर स्त्रियांत १६ टक्के किंवा त्याहून कमी.

तरुण बाईचा हा रोग साध्या तपासणीत पकडता येईल का, याचंही उत्तर मुंबईने शोधलं. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये टाटा मेमोरिअल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना घेऊन चाचणी सुरू केली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशी ओलांडलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले होते. मॅमोग्राफीची पुरेशी यंत्रं नसलेल्या देशासाठी ही फार मोठी गोष्ट. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यू घटले नाहीत. ट्रिपल निगेटिव्ह ज्यांना जास्त होतो त्या नेमक्या याच.

म्हणून सगळी भिस्त उपचारांवर येते. आणि इथे एका धातूतून चुकून सापडलेलं जुनं औषध कामी आलं.

१९६५ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे भौतिकशास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम तपासत होते. द्रावणात प्लॅटिनमच्या पट्ट्या सोडल्या होत्या, कारण प्लॅटिनम कशातच मिसळत नाही असा समज. वीज सुरू केल्यावर जिवाणूंची विभागणी थांबली, आणि ते फक्त लांबत गेले, नेहमीच्या कित्येक पट. पुष्कळ खटपटीनंतर कळलं, की करामत विजेची नाही. पट्ट्यांतून विरघळलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाची आहे. ते संयुग डीएनएच्या धाग्यांना गाठी मारतं आणि पेशीला दुभंगू देत नाही. त्यातून १९७८ मध्ये सिसप्लॅटिन आलं आणि मूत्रपिंडं व कानांना जपणारं त्याचं सौम्य भावंड, कार्बोप्लॅटिन, १९८९ मध्ये. १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक वेगळं काढलं गेल्यावर धागा जुळू लागला. हे जनुक डीएनएची दुरुस्ती करतं. ते ज्यांच्यात जन्मतः बिघडलेलं असतं अशा स्त्रियांच्या गाठी बहुधा ट्रिपल निगेटिव्ह निघतात. ज्या पेशीला डीएनए दुरुस्त करता येत नाही, तिच्या डीएनएला गाठी मारणारं औषध द्यावं, हा विचार मग आपसूक पुढे आला.

जर्मनीत आणि अमेरिकेत चाचण्या झाल्या. शस्त्रक्रियेआधीच्या केमोत कार्बोप्लॅटिन मिसळलं की गाठ पूर्ण विरण्याचं प्रमाण वाढतं, हे त्यात दिसलं. पण बाई जास्त जगते का? त्या चाचण्या तेवढ्या मोठ्या नव्हत्या आणि उत्तर अधांतरी राहिलं. कार्बोप्लॅटिनचं पेटंट कधीच संपलेलं, औषध स्वस्त, बनवणाऱ्या कंपन्या अनेक. शेकडो रुग्णांना दहा वर्षं पाहण्याचा खर्च कोणती कंपनी करणार?

तो परळने केला.

परळचं टाटा मेमोरिअल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या, त्यानंतर टाटा ट्रस्टने ते बांधलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. ‘टाटाला दाखवलं का?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात गाठ निघाली की पहिल्या दिवशी विचारला जातो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतची कुटुंबं महिनोन् महिने राहून इथे उपचार घेतात. दक्षिणेत हीच जागा चेन्नईच्या अड्यार कर्करोग संस्थेची. पुदुकोट्टैच्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी आपली बहीण कर्करोगाने गेल्यावर घेतलेल्या ध्यासातून ती १९५४ मध्ये बारा खाटांवर सुरू झाली, आणि कावेरीकाठच्या पापनाशम्, कुंभकोणमकडच्या रुग्णांना ती परळपेक्षा जवळची. तिथे डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. व्ही. शांता यांनी स्तनाच्या मोठ्या गाठी आधी औषधं आणि किरणांनी लहान करायच्या, मग शस्त्रक्रिया करायची, अशी पद्धत फार लवकर बसवली. आपल्याकडच्या बायका मोठ्या गाठी घेऊनच येतात, त्यामुळे ही गरज भारतातल्या डॉक्टरांना आधी कळली यात नवल नाही.

परळची चाचणी २०१० च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. डॉ. सुदीप गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली २०२० च्या जानेवारीपर्यंत ट्रिपल निगेटिव्हच्या ७२० स्त्रिया त्यात आल्या. सगळ्यांना शस्त्रक्रियेआधी केमो. निम्म्यांना आठ आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि मग दर तीन आठवड्यांनी लाल रंगाच्या अँथ्रासायक्लिनचे चार डोस. उरलेल्या निम्म्यांना हेच, फक्त पहिल्या आठ आठवड्यांत पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीला कार्बोप्लॅटिनची लहान मात्रा. कोणाला कोणता गट, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरे. त्यानंतर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि मग वर्षानुवर्षांच्या फेऱ्या. एका बाईचं नाव चाचणीत राहणं म्हणजे गावाकडून रात्रीची गाडी पकडून येणं, रांगेत बसणं, हजेरी बुडाली म्हणून मालकाचं ऐकणं. असं करत राहिलेल्या बायकांमुळे हा आकडा उभा राहिला.

निकाल डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनियोच्या स्तनकर्करोग परिषदेत मांडला गेला. ही परिषद १९७८ मध्ये सुरू करणाऱ्यांत विल्यम मॅग्वायर होते, प्रोजेस्टेरोन रिसेप्टरचा तर्क मांडणारे तेच. कार्बोप्लॅटिन मिळालेल्यांत गाठ पूर्ण विरण्याचं प्रमाण ५४.५ टक्के होतं, न मिळालेल्यांत ४०.३. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ७४.४ आणि ६६.८. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला अगदी थोडक्यात उतरला नाही आणि गुप्ता यांच्या गटाने तो तसाच सांगितला. पण पन्नास किंवा त्याहून कमी वयाच्या स्त्रियांत चित्र स्वच्छ होतं. पाच वर्षांनी ७७.१ टक्के विरुद्ध ६५.९ टक्के. शंभर तरुण बायकांमागे अकरा जणी जास्त जगल्या, त्याही एका जुन्या, कुठल्याही जिल्ह्याच्या रुग्णालयाला परवडणाऱ्या औषधाने. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत असा फायदा दिसला नाही. वयाने एवढा फरक का पडावा, याचं पटणारं जैविक स्पष्टीकरण अजून मिळायचं आहे. कार्बोप्लॅटिनने रक्तपेशी घटतात. उतारवयात उगाच त्या वाटेला न जाणंच शहाणपणाचं, एवढं मात्र या निकालाने डॉक्टरांना सांगता येतं.

पश्चिमेत तोवर पुढचं औषध आलं होतं. पेम्ब्रोलिझुमॅब शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करतं. सुरुवातीच्या अवस्थेतल्या ट्रिपल निगेटिव्हसाठी अमेरिकेने जुलै २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली. केमोबरोबर ते दिलेल्यांत पाच वर्षांनी ८६.६ टक्के स्त्रिया जिवंत होत्या, नुसती केमो मिळालेल्यांत ८१.७. त्या चाचणीत दोन्ही गटांना कार्बोप्लॅटिन होतंच, त्यामुळे कार्बोप्लॅटिनचा स्वतःचा वाटा किती हे तिथे मोजलंच गेलं नाही; ते मोजलं परळने. दोन्ही चाचण्यांतले आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये, कारण परळला येणाऱ्या गाठी सरसकट मोठ्या असतात. पण किमतीची तुलना करायलाच हवी. पेम्ब्रोलिझुमॅबचा वर्षभराचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबाने शेत विकूनही तो भागत नाही.

यावरही भारतातल्या डॉक्टरांनी एक वाट शोधायला घेतली आहे. डोक्या-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात टाटा मेमोरिअलने निव्होलुमॅब या त्याच जातीच्या औषधाची फक्त २० मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, देऊन पाहिली. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. कमी मात्रेचा हाच प्रश्न आता ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगातही विचारला जातो आहे. औषध कमी खपावं म्हणून कोणतीही कंपनी चाचणीला पैसे देणार नाही. हा खर्च सरकारी रुग्णालयांना आणि सार्वजनिक निधीलाच उचलावा लागेल, आणि तो उचलावा अशी मागणी रुग्णांच्या घरच्यांनी, डॉक्टरांनी आणि लोकप्रतिनिधींनी आता उघडपणे केली पाहिजे.